चला, मुलाबाळांसह मालवणच्या दर्यावर!

परीक्षा संपल्या की घराघरातून एकच प्रश्न सुरू होतो, "यंदा कुठे जायचं?" उत्तर बहुधा ठरलेले असते. गावी! गावी जाणे चांगलेच. तेथे आजी-आजोबा आहेत, आपली माणसे आहेत. पण हल्ली मुले शाळेतल्या सोबत्यांकडून ऐकतात, मोबाईलवर पाहतात आणि एक दिवस विचारतात, "बाबा, ती छोटी होडी वल्हवायला आणि पाण्याखालचे मासे बघायला आपण कधी जायचं?" बाबा गप्प बसतात. त्यांच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, ही पैसेवाल्यांची मौज. दुसरी, आपल्या घरात कुणालाच धड पोहता येत नाही.

दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. त्या छोट्या होडीला कयाक म्हणतात. तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मास्क लावून, पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग पाहणे म्हणजे स्नॉर्कलिंग. या दोन्ही गोष्टी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर होतात. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. लागते ती आधीपासूनची काटकसर, जाणता गाईड आणि वेळ आल्यास परत फिरण्याची तयारी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. म्हणून या लेखात वरचेवर तिच्याकडेच यावे लागणार आहे.

मालवणच का?

मालवणच्या किनाऱ्यासमोर, होडीने काही मिनिटांच्या अंतरावर, खडकाच्या बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले. किल्ल्याभोवती आणि किनाऱ्यालगत पाण्यात बुडालेले व अर्धवट वर डोकावणारे खडक पसरले आहेत. या खडकांमुळे मोठ्या लाटा बाहेरच मोडतात आणि आतल्या बाजूला पाणी त्यामानाने शांत राहते. याच खडकांवर प्रवाळ म्हणजे पोवळे वाढते आणि त्याच्या आधाराने रंगीत मासे राहतात.

हा भाग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो हजारो बारीक जिवांची वस्ती आहे. त्यावर पाय पडला की वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे आठवण म्हणून तुकडा खिशात घालणे हा गुन्हा ठरतो, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे.

कयाकसाठी चिवला बीचचा अर्धगोल किनारा आणि देवबागजवळची कर्ली नदीची खाडी या जागा नवशिक्यांना सोयीच्या आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कुबा डायव्हिंग व जलक्रीडा शिकवणारी संस्था २०१५ साली सुरू केली. गावागावात कोळी आणि गाबीत समाजातील तरुण आता गाईडचे काम करतात. लहानपणापासून वाऱ्याची आणि पाण्याची चाल पाहिलेली ही माणसे आहेत.

मे महिना टाळा

शाळेची सुट्टी मे महिन्यात असते, म्हणून सारे मे महिन्यात धावतात. त्या वेळी गर्दी जास्त, दर चढे आणि महिनाअखेरीस पावसाळी वाऱ्यांची चाहूल लागून समुद्र खवळू लागतो. पावसाळ्यात तर जलक्रीडा बंदच असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी स्वच्छ, हवा सुखद. दिवाळीची उरलेली सुट्टी, नाताळ किंवा २६ जानेवारीला जोडून येणारा रविवार पाहावा.

महिना ठरला की भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि तिथी पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असते. भरती मोठी, ओहोटीही मोठी, पाण्याला ओढ जास्त आणि तळाची माती ढवळून पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, पाणी निवळ. आपल्यासारख्या नवशिक्या कुटुंबाने अष्टमी ते दशमीच्या आसपासचा दिवस धरावा.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत मुलांना शिकवा, गणिताचा सरावही होईल. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा मागेपुढे होतो. पक्की वेळ गाईडलाच विचारावी. पण आपल्याला हिशेब येत असला म्हणजे त्याचे बोलणे आपल्याला कळते.

आता वाऱ्याचे पाहा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून रात्री व पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दिवसा जमीन तापली की वारा उलटतो आणि समुद्राकडून जमिनीकडे येतो. हे खारे वारे. शाळेच्या भूगोलात आपण हे पाठ केले होते, येथे ते प्रत्यक्ष कामाला येते. सकाळी किनाऱ्याजवळ पाणी शांत असते. दुपारी खारे वारे जोर धरतात, पाण्यावर लाटा उठतात आणि हात दुखेपर्यंत वल्हवूनही कयाक पुढे सरकत नाही. म्हणून पाण्यातले सारे काम सकाळी करावे. मात्र पहाटेच्या मतलई वाऱ्याचा धोका वेगळा आहे. तो हलक्या कयाकला नकळत बाहेर नेतो. गाईडने दाखवलेल्या रेषेच्या पलीकडे जायचे नाही ते यासाठीच.

खर्चाची बांधाबांध

चार माणसांच्या घराने महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले तर दहा महिन्यांत पाच हजार होतात. भिशी किंवा बचत गट असेल तर अधिक सोपे. त्यात सारा खर्च भागेलच असे नाही, पण मोठा भार उतरतो. तीन-चार कुटुंबे मिळून गेली तर गाईड, रिक्षा आणि जेवण या सर्वांचा खर्च वाटला जातो.

मुंबई-ठाण्याकडून कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे. रात्रीच्या गाडीने गेल्यास एका मुक्कामाचे भाडे वाचते. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुडाळहून मालवण सुमारे ३० किलोमीटर, एस.टी. मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना घाट उतरून एस.टी.नेच येता येते. राहायला घरगुती निवास पाहावा, तेथेच जेवणाचीही सोय होते.

गाईडशी फोनवर बोलताना दर माणशी की कयाकमागे, त्यात मास्क-नळी, होडी, लाइफ जॅकेट आणि फोटो धरले आहेत की वेगळे, हे विचारून वहीत लिहून ठेवा. आणि एक प्रश्न चुकवू नका, "हवा बिघडली तर पैसे परत मिळतील का?" सगळे पैसे आधी देऊ नका.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. दहा महिने पैसे साठवले, रजा काढली, रात्रभर प्रवास केला आणि सकाळी किनाऱ्यावर गाईड म्हणाला, "ताई, दर्याक लाट हा, आज नको." त्या वेळी आपण काय करतो? मुलांचे चेहरे उतरतात. खर्च डोळ्यांपुढे येतो. आपण म्हणतो, "अहो, एवढ्या लांबून आलो, थोडा वेळ तरी न्या." गाईडलाही पोट आहे. एखादा नको म्हणता म्हणता तयार होतो. अपघाताची वाट येथूनच सुरू होते.

म्हणून योजनाच अशी करा की "आज नको" हे ऐकणे आपल्याला परवडेल. एका सकाळऐवजी दोन सकाळी हाती ठेवा. पहिली पाण्यासाठी, दुसरी राखीव. पहिल्या दिवशी जमले नाही तर किल्ला पाहा. समुद्राने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, मुलांना नवल वाटेल. मात्र किल्ल्यावर जाणेही होडीनेच असते. होड्याही बंद असतील तर मालवणचा बाजार आहे, मासळीचा लिलाव आहे. दिवस वाया जात नाही.

दोन दुःखद आठवणी

एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून सहलीला आलेल्या मंडळींपैकी आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी परतताना उलटली आणि दोघांचा जीव गेला. हे लिहायचे ते घाबरवण्यासाठी नाही. घरातून हसत निघालेली माणसे परत आली नाहीत, याची जाण ठेवून आपण शिस्त पाळावी यासाठी आहे.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. होडीची नोंदणी आहे का आणि ती किती माणसांची आहे. मोजून तेवढीच माणसे बसली आहेत का. आणि प्रत्येकाच्या अंगावर, पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट आहे का. होडीत ठेवलेले जॅकेट कामाचे नाही, अंगातले कामाचे. जॅकेट घातल्यावर खांद्याकडे धरून वर ओढून पाहा. ते कानापर्यंत सरकले तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट कधीही घालू नये, पाण्यात पडताच ते डोक्यावरून निघून जाते.

गाईडला विचारा, "दादा, तुम्ही एकटे किती जणांना सांभाळता? जीवरक्षणाचे शिक्षण घेतले आहे का? औषधाची पेटी आहे का?" चांगला गाईड या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो "काही होत नाही हो" म्हणून हसण्यावारी नेतो, त्याला नमस्कार करून दुसरा शोधावा.

घरापासून तयारी

पोहता येत नसले तरी लाइफ जॅकेट घालून, उथळ आणि शांत पाण्यात, गाईडचा हात धरून स्नॉर्कलिंग करता येते. पण तोंडात पाणी गेले की घाबरणे ही खरी अडचण असते. ती घरीच मोडता येते. बादलीत किंवा मोठ्या टोपात तोंड बुडवून हळूहळू बुडबुडे सोडण्याचा सराव मोठ्यांनी समोर बसून मुलांकडून करून घ्यावा, स्वतःही करावा. जवळ नगरपालिकेचा तलाव असेल तर दोन-तीन महिने आधी नाव घाला. निदान पाठीवर तरंगायला शिका. पाण्यात न घाबरता तरंगणाऱ्याजवळ मदत पोहोचायला वेळ मिळतो.

दमा, फिट येणे, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. सर्दी झालेल्या मुलाला बुडी मारू देऊ नये, कान दुखतो. आदल्या रात्री दारू पिणाऱ्याला सरळ किनाऱ्यावर बसवावे, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो.

कपडे अंगाला लागून बसणारे, लांब बाह्यांचे आणि लवकर वाळणारे हवेत. साडी, ओढणी, जीन्स नको, ओली झाली की पायात गुंतते. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरे. दागिने घरी ठेवा. पायात पट्ट्याची सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट असावेत, कारण खडकावर चिकटलेली कालवे वस्तऱ्यासारखी कापतात.

आणि घरातल्या आईविषयी. सहलीत बहुधा काय होते? बाप आणि मुले पाण्यात, आई काठावर पिशव्या सांभाळत. असे करू नका. पाळी लावा. अर्धा वेळ बाबांनी पिशव्या सांभाळाव्यात, आईने पाण्यात जावे. खर्चातले पाचशे वाचवणारी तीच, मग मासे बघायचे वेळी ती मागे का? शिवाय काठावर एक मोठे माणूस डोळ्यांत तेल घालून उभे असलेच पाहिजे.

तो दिवस

सकाळी साडेसहाला हलका नाश्ता करा, पोहे किंवा केळी. पोट भरभरून खाऊ नका. सातला किनाऱ्यावर हजर राहा. गाईड सूचना सांगत असताना फोटो काढू नका. ती दहा मिनिटे साऱ्या दिवसातली सर्वांत मोलाची.

प्रथम कयाक. दोघांच्या कयाकमध्ये जड आणि ताकदीचे माणूस मागे बसते, पुढचा ताल धरतो, मागचा तोच ताल पाळतो. पाठ ताठ ठेवा. नुसत्या मनगटाने नव्हे, कमरेपासून अंग वळवून वल्हे ओढा, म्हणजे हात थकत नाहीत. निघण्यापूर्वी कमरेइतक्या पाण्यात एकदा मुद्दाम उलटून पाहा. उलटले तर कयाक सोडायची नाही, वल्हेही सोडायचे नाही. कयाक सुलटी करून बाजूने पोटावर चढायचे, मग वळून बसायचे आणि शेवटी पाय आत घ्यायचे. हे एकदा जमले की अर्धी भीती जाते. खडकाच्या अगदी जवळ जाऊ नका, लाट उचलून आपटते.

तास-दीड तासाने बाहेर या, पाणी प्या, सावलीत बसा. मग साडेनऊ-दहाच्या सुमारास, ऊन पाण्यात शिरू लागले की स्नॉर्कलिंग. मास्क आपल्या तोंडाला बसतो का ते असे पाहा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर योग्य. केसाची बट आत राहिली तरी पाणी शिरते. चष्म्यावर मास्क बसत नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थोडी थुंकी चोळून खंगाळतात, मुलांना याची फार गंमत वाटते.

श्वास तोंडाने, सावकाश. नळीत पाणी आले तर जोराने फुंकर मारून बाहेर काढायचे. मुले विचारतील, "नळी आणखी लांब केली तर आणखी खोल जाता येईल का?" नाही. लांब नळीत सोडलेलीच हवा पुन्हा आत येते आणि खोल पाण्याचा दाब छाती दाबून धरतो, श्वास ओढताच येत नाही. म्हणून नळी हातभरही लांब नसते.

पाण्याखाली वस्तू एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठ्या दिसतात. छोटा मासाही केवढा वाटतो! हात लावायला जाऊ नका. काळे काटेरी गोळे दिसले तर लांब राहा. वाळूत उतरताना पाय उचलून न टाकता घासत टाका, म्हणजे वाळूत लपलेली पाखट निसटून जाते. पाखटीचा काटा लागलाच तर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि दवाखाना गाठावा. जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका, गोडे पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा.

कुणी ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचे नाही, दम जातो. तरंगत राहायचे, हात वर करायचा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकायचे. थंडी वाजू लागली, ओठ निळे दिसले किंवा मूल "बास" म्हणाले की बाहेर. त्याला भित्रा म्हणू नये. बारा वाजण्यापूर्वी सर्वांनी काठावर यावे आणि माणसे मोजावीत.

मग गरम भात, माशाची आमटी आणि सोलकढी! त्या जेवणाला जी चव येते ती दुसऱ्या कशाला नाही.

बंधू-भगिनींनो, समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही. आठवडाभर यंत्रावर, नाक्यावर, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या माणसांचाही त्यावर तेवढाच हक्क आहे. तो हक्क जरूर बजावा. पण किनाऱ्यावर उभे राहून गाईड "आज नको" म्हणाला तर हुज्जत घालू नका. त्याचे आभार माना, मुलांचा हात धरा आणि दुसऱ्या सकाळची वाट पाहा. राखीव सकाळही गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा या. समुद्र तेथेच असेल, आपण सारे घरी सुखरूप असू आणि साठवायला आणखी दहा महिने आपल्या हातात असतील.